दामू, त्या सात ओळी माझ्या

दामू, तू बुडालास त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंदरावर तुझ्या मरणाच्या अकरा हकिगती तयार होत्या, आणि मेल्या (आता तुला असं म्हणायला हरकत नाही), त्यांतली एकही माझी नव्हती. चाळीस वर्षं ह्या बंदराला थापा पुरवणारा मी, आणि स्वतःच्या मित्राच्या मरणावर मुका बसलो. एका हकिगतीत तुला कस्टमच्या कचेरीएवढ्या मुशी माशाने नेलं. दुसरीत तू पोहत हरिहरेश्वरापर्यंत गेलास, देवाला नमस्कार केलास आणि मग मेलास. तिसरीत तुझा मुडदा पाण्यावर मांडी घालून बसला होता. ऐकताना मला रडू येत होतं आणि मधेच वाटत होतं, ह्या लोकांना सांगता येत नाही.

खरं काय ते मी मचव्याच्या तांडेलाकडून काढून घेतलं. त्या माणसाला कल्पना नावाचा अवयवच नाही, म्हणून विश्वास ठेवला. खाडीच्या तोंडाशी मचवा वाळूच्या दांड्याला घासला, मागून लाट आली, शीड फाटलं आणि शीड टांगायचा परबाणाचा वासा सुटून तुझ्या डोक्यात बसला. नारळ फुटावा तसा आवाज झाला म्हणाला. मग लाटेने तुला दांड्यावर आपटलं, धोब्याने कपडे आपटावेत तसं, पुन्हापुन्हा. आम्हाला सापडलास तेव्हा तुझ्या तोंडात वाळू होती आणि एक कान नव्हता. मुंबईहून आणलेल्या तुझ्या कागदाच्या रिमा किनाऱ्यावर फुगून पडल्या होत्या, मेलेल्या म्हशींसारख्या.

आठ दिवसांनी आगबोटीने मुंबईचं वर्तमानपत्र आलं. त्यात तू दोन ओळींचा होतास. ‘मचवा उलटून एक इसम मयत.’ एक इसम! नाव नाही, गाव नाही, काही नाही. तू असतास तर ते पान चावून खाल्लं असतंस. पण खरं सांगू? बंदरावरची सगळी माणसं, तुला खांद्यावरून नेणारी माणसंसुद्धा, त्या दोन ओळी पुन्हापुन्हा वाचत होती आणि मान डोलावत होती. जणू तू आत्ता कुठे मेलास.

मी हे का लिहितोय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर माझ्या सवयीने मी मुशीच्या दातांत अडकून बसेन. दसऱ्याच्या आधी सखू येईल. दरवर्षी येते. तुझ्या ओट्यासमोर पोतं टेकवेल आणि तोच एक प्रश्न विचारेल. आजपर्यंत उत्तर न देण्याचं काम तू केलंस. आता तू नाहीस, ओट्यावर मी एकटाच आहे.

तुला तुझा छापखाना आठवतो तसा मला आठवत नाही. तुला यंत्र आठवत असेल. मला आठवतो तो ओटा. आत तू छपाईचे खिळे जुळवत उभा, डोळ्यांना ती फुटक्या काड्यांची चाळिशी, आणि बाहेर ओट्यावर मी, समोर पंधरा-वीस माणसं. तू आत साप्ताहिक काढायचास, मी बाहेर रोजचं काढायचो. तुझ्या पत्राला मोठं संस्कृत नाव होतं, ते तुझ्याशिवाय कुणी घेतलं नाही. लोक म्हणायचे, ‘दामूचा कागद आला का?’

आपलं भांडणही त्या उंबऱ्यावरचं, तुझा एक पाय आत आणि माझा एक बाहेर. तू म्हणायचास, बोललेलं वाऱ्यावर जातं, छापलेलं उरतं, आणि जे उरतं तेवढंच माणसाला ठाऊक झालं म्हणायचं. मी म्हणायचो, बोलणाऱ्याला तोंड असतं, डोळे असतात, ऐकणारा त्यावरून ताडतो. तुझ्या कागदाला तोंड कुठंय? एकदा ह्यावरून तू खिळे जुळवायची पितळी पट्टी मला फेकून मारलीस. माझी भुवई फाटली. मी लोकांना सांगितलं की वाघाने पंजा मारला. कुणी विश्वास ठेवला नाही, पण सगळ्यांनी पूर्ण ऐकलं.

कारण बंदरावर रीतच होती. मी एखादी गोष्ट सांगून संपवली की कोणीतरी म्हातारा पान थुंकून म्हणायचा, ‘बरं, अर्धं खाडीला.’ म्हणजे तात्याने, म्हणजे मी, जे सांगितलं त्यातलं अर्धं खाडीत फेकायचं, उरलेलं घरी न्यायचं. बारा हातांची सुरमई घरी जाईपर्यंत सहा हातांची व्हायची, आणि बायकोला सांगताना अजून अर्धी. शेवटी चुलीपर्यंत पोचायची ती खरी सुरमई असायची. ह्यात कुणाची फसवणूक नव्हती. मला माहीत होतं की ते कापणार, म्हणून मी दुप्पट द्यायचो.

पावसाळ्यात मात्र तुझे हाल व्हायचे. आगबोटी बंद, मुंबईची पत्रं बंद, घाटाची वाट चिखलात. आठ महिने तू मुंबईचं वाचून छापायचास, आणि तेव्हा आपल्या गावात काहीच घडायचं नाही. एखाद्याने भावाचं डोकं फोडलं तरी तुझ्याकडे जागा नसायची. आषाढ लागला की चार पानं आ वासून उभी राहायची, आणि लगेच गावात गोष्टी घडायला लागायच्या. दोन तोंडांचं वासरू, समुद्रात उजेड, कुणाच्या अंगात आलेलं. मी तुला चिडवायचो की दामू, तुझ्या कागदात जेवढी भोकं तेवढं आमच्या अंगात येतं. तू हसायचास. आपण दोघंही हसायचो, गाढवं.

दहा वर्षांपूर्वीच्या त्या श्रावणात खाडीवर नव्या धक्क्याचं काम चालू होतं. कंत्राटदाराच्या माणसांनी सुरुंग लावून पहिला दगड उडवला तो माझा बसायचा. तू म्हणशील, काय कारण! पण वीस वर्षांच्या बुडाने घासून गुळगुळीत केलेला दगड होता तो, आणि तो उडताना मुकादम मला म्हणाला, “बाजूला हो रे म्हाताऱ्या.” मी तेव्हा पंचेचाळिशीचा. मी अंगाने बाजूला झालो, तोंडाने झालो नाही. त्याच दुपारी तुझ्या ओट्यावर मी गोष्ट रचली. धक्क्याचा पाया टिकत नाही. पाया मुंडकी मागतो. एकशे एक पोरांची मुंडकी. कंत्राटदाराचा माणूस पोतं घेऊन गावोगाव फिरतो, ते पोतं स्वतःच्या पायांनी चालतं, रात्री खाडीवर पाणी पिऊन येतं, आणि त्या माणसाला पाठीलाही एक तोंड आहे. लोक पोट धरून हसले. म्हातारा म्हणाला, अर्धं खाडीला. झालं. गोष्ट तिथेच मेली असती.

मग तू आतून बाहेर आलास. हाताला शाई, कपाळाला शाई. तिसऱ्या पानावर शेवटच्या रकान्यात सात ओळी कमी पडत होत्या.

“तात्या, यात खरं किती?” तू विचारलंस.

दामू, मी ह्या प्रश्नाला जन्मात एकदा तरी सरळ उत्तर द्यायला हवं होतं. काहीच नाही, म्हणायचं होतं. मी त्या मुकादमाचा चेहरा आठवला, आणि माझी गोष्ट छापून येणार ह्या कल्पनेने मला गुदगुल्या झाल्या, आणि मी म्हणालो, “नेहमीसारखं. अर्धं.”

तू प्रामाणिक माणूस. तू आत गेलास आणि बसून माझी गोष्ट कापलीस. चालणारं पोतं काढलंस. पाठीचं तोंड काढलंस. एकशे एक मुंडकी काढलीस. पाया, कंत्राटदार, सगळं काढलंस, कारण पुरावा नव्हता. जे उरलं ते तुझ्या मते अर्ध्याहूनही कमी होतं. ते मला पाठ आहे. ‘पोते घेतलेला एक अनोळखी इसम या भागातील गावांतून फिरत असल्याचे समजते. मुले पळविण्याचा त्याचा हेतू असावा असा संशय आहे. तरी पालकांनी सावध रहावे.’ तुझ्या अरुंद रकान्यात बरोब्बर सात ओळी.

नंतर वर्षानुवर्षं मी ह्यावर विचार केला आहे. माझी गोष्ट इतकी मोठी होती की ती कुणाला चावू शकली नसती, दारातून आत शिरलीच नसती. तू तिला कापून कापून माणसाएवढी केलीस. माणसाएवढी झाल्यावर ती माणसाला मारू शकली. आणि छापलेल्याला कुणी म्हणालं नाही की अर्धं खाडीला. तशी रीतच नव्हती.

त्यानंतर आठवड्याने मी सुपारीची रोपं आणायला दिवेआगरच्या पलीकडे एका गावात गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही. जे तुरुंगात जायचे ते गेले, त्यांची पोरं आता शाळेत आहेत. त्या गावात तुझ्या कागदाची एकच प्रत जायची. दुकानाच्या ओट्यावर एक जण मोठ्याने वाचायचा, चाळीस जण ऐकून घरी जायचे. ऐकलेले घरी जाऊन सांगताना पोत्याला पुन्हा पाय फुटले, इसमाला सुळे आले. पण आता त्याला बूड होतं. कुणी शंका काढली की म्हणायचे, जा, दुकानात कागद टांगलाय, बघून ये.

इथून पुढे मी काही वाढवणार नाही. दामू, तुझ्या यंत्राची शपथ.

किनाऱ्यावरून आरडाओरड ऐकली म्हणून वाडीतून खाली गेलो. नारळाच्या झाडाला एक माणूस काथ्याने बांधला होता. जात्यांना टाकी लावणारा, घाटावरचा. पाटा-जातं बोथट झालं की ठोकून देणारे येतात ना, तसा. गंगाराम त्याचं नाव, ते मला नंतर कळलं. पोतं वाळूत उलटं केलेलं. त्यातून टाकी निघाली, हातोडा निघाला, भाकरी निघाली आणि एक लहान परकर निघाला. खणाचा, लाल, सहा-सात वर्षांच्या पोरीचा, घडी न मोडलेला. त्याच्या स्वतःच्या पोरीसाठी घेतलेला. तो परकर हातात धरून एक बाई किंचाळत होती, की हा बघा, हा बघा. त्या परकराने त्याला मारलं असं म्हणता येईल. पण परकराला अर्थ दिला तो तुझ्या सात ओळींनी.

वल्ह्याने मारत होते. नारळ सोलायचा लोखंडी सुळा होता एकाकडे. गंगारामचे दात वाळूत पडले होते. एक डोळा बाहेर आला होता आणि तो दुसऱ्या डोळ्याने त्या परकराकडे बघत होता, परत द्या म्हणत असल्यासारखा. मारणारी माणसं राक्षस नव्हती. त्यांतल्या दोघांना मी ओळखत होतो. एकाच्या बारशाला मी जेवलो होतो.

मी मधे घुसलो. ओरडलो की अरे, ही माझी थाप आहे, मी रचली, ओट्यावर बसून रचली, ह्यात काडीचंही खरं नाही. एक जण थांबला. त्याने मला ओळखलं, घामाने निथळत होता, आणि मला समजावल्यासारखं म्हणाला, “तात्या, तुमची थाप येगली. ह्ये छापून आलंय.”

आणि पुन्हा वल्हं उचललं. दुसरं वल्हं माझ्या खांद्यावर बसलं. दामू, तो खांदा वर जात नाही ते तुला माहीत होतं, का ते तू कधी विचारलं नाहीस. मी पळालो. एका उलट्या होडीआड बसलो आणि आवाज थांबेपर्यंत बसून राहिलो. खूप वेळ लागला. माणूस मरायला किती वेळ लागतो ते त्या दिवशी कळलं.

पुढचं तुझ्यावर गेलं. माझी ओट्यावरची मुंडक्यांची गोष्ट तुझ्या बातमीला येऊन चिकटली, गावोगावची बिगारी माणसं धक्क्याचं काम टाकून पळाली, म्हणून कंत्राटदाराची माणसं तुझ्याकडे आली. भर दुपारी, सहा जण. खिळ्यांचे खण उचलून खाडीत ओतले. अजून ओहोटीला पोरांना चिखलात ‘क’ आणि ‘ह’ सापडतात. मग त्यांनी तुझा उजवा हात यंत्रात घातला आणि एकाने पायटा दाबून यंत्र फिरवलं. जानकीवहिनी सांगते की तू ओरडला नाहीस, कागद मागितलास. दुसऱ्याच आठवड्यात तू खुलासा काढलास. वहिनीने आयुष्यात पहिल्यांदा खिळे जुळवले, चिखलातून वेचून धुतलेले खिळे, तू बाजूला बसून अक्षर अक्षर सांगत होतास. ‘सदर बातमी निराधार होती. मयत गंगाराम हा निरपराध कारागीर होता. आम्ही दोषी आहोत.’

आणि लोकांनी काय केलं? तुझ्या फडक्यात गुंडाळलेल्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, बघा, हात मोडला म्हणून खोटं म्हणतोय, म्हणजे खरंच असणार. तुझा खुलासा हाच पुरावा झाला. कंत्राटदाराने एक हात मोडून धक्क्यातल्या मुंडक्यांची गोष्ट पक्की केली. आजही धक्क्यावरून जाताना बायका पोरांना पदराखाली घेतात. त्या दगडांत कोणी नाही, दामू, माझ्या बसायच्या दगडाचे तुकडे आहेत.

कचेरीत साहेबाने तुला विचारलं की ही बातमी तुला कुणी दिली. मी मागच्या बाकावर होतो. तोंडात पान कोंबून बसलो होतो, चार विड्यांचं, म्हणजे बोलायची वेळ आली तरी बोलता येऊ नये. तू वळून बघितलंससुद्धा नाही. म्हणालास, “खिळे माझे, कागद माझा. माझंच नाव लिहा.” तुला सहा महिन्यांची कैद झाली. मी बाहेर येऊन भिंतीवर थुंकलो तर सगळं लाल, एक बाई दचकली.

ती सखू होती. गंगारामची बायको. तिला सांगितलेलं होतं की हा छापणारा. पण बाई हुशार. तू सुटून आलास त्या वर्षी, नवऱ्याचं पोतं, नवऱ्याची टाकी घेऊन ती ह्या गावांतून फिरायला लागली. जिथे त्याला मारलं त्या गावातसुद्धा गेली, त्या बायकांची जाती ठोकून दिली. मग तुझ्या दारात आली.

“ते कुणी सांगितलं?” तिने विचारलं.

“मी छापलं, बाई.”

“छापलं तुमी. सांगितलं कुणी?”

तू पुन्हा तेच म्हणालास. तिने वहिनीचं जातं ठोकलं आणि ती गेली. नऊ वर्षं, दामू. नऊ वर्षं ती तोच प्रश्न घेऊन आली, आणि तू तेच उत्तर दिलंस, आणि मी दोन हात अंतरावर सुपारी कातरत बसलो होतो. एकदा ती तुझ्याकडून उठून माझ्या घरी गेली आणि माझ्या घरचं जातं ठोकून दिलं. त्या पिठाची भाकरी मी खाल्ली. दाताखाली दगडाची कच आली. बायको म्हणाली, पहिलं पीठ टाकून द्यायचं असतं. मी गिळलं.

तू कधी बोलला नाहीस, हेच मला समजत नाही. तुरुंगातून आलास, काळानिळा, अर्धा उरलेला. ओट्यावर बसलास आणि म्हणालास, “तात्या, काहीतरी सांग.” बस, एवढंच. मला वाटलं आता गळा धरशील. मी एका मुशीची गोष्ट सांगितली, जिने दीपगृह गिळलं आणि तीन दिवस तिच्या पोटातून उजेड येत होता. तू इतका हसलास की खोकल्यातून रक्त पडलं. हे देणं होतं की शिक्षा, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. तुझे उपकार मानू की तुझा राग करू? नाव घेतलं असतंस तर मीही सहा महिने काढून मोकळा झालो असतो. तू मला सोडवलंस आणि अडकवून ठेवलंस.

गळा धरलास तो शेवटी, मचव्यावर जायच्या आदल्या दिवशी. तू म्हणालास की ह्या वर्षी ती आली की तू बोल, मी थकलो. मी चिडलो. का चिडलो ते सगळ्यांना कळेल. मी तुला म्हणालो की तू कापलं नसतंस तर तो जगला असता, माझी पूर्ण थाप छापली असतीस तर कुत्र्यानेसुद्धा विश्वास ठेवला नसता. ते खरं होतं, दामू, म्हणून तर ते बोलणं इतकं नीच होतं. तू डाव्या हाताने माझी मानगूट धरून मला भिंतीवर दाबलंस. त्या एका हातात दोन हातांचं बळ आलं होतं.  वहिनी धावत आली तेव्हा तू सोडलंस आणि म्हणालास, “अर्धं म्हणाला होतास तू. अर्धं.” आणि दुसऱ्या दिवशी कागद आणायला मुंबईला गेलास. तेच तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य.

अर्धं नव्हतं. काहीच नव्हतं. हे तुला कधीच सांगितलं नाही, तेव्हा आता ऐक. तुला शेवटपर्यंत वाटत राहिलं की कुठेतरी, कुणीतरी, एक पोतंवाला होता, आणि तू फक्त माणूस चुकलास. नव्हता.

तुझ्या तेराव्याला मी अंगणात उभा राहिलो. पन्नासेक माणसं असतील, दोनशे म्हणायचा मोह आवरतो. म्हणालो की ती बातमी माझी, ती मी रचली, दामूने माझ्यासाठी तुरुंग भोगला.  मग कोपऱ्यातून एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, तात्या, दोस्तासाठी काय पण. कुणीतरी हसलं, प्रेमाने. माझ्या पाठीवर थाप मारली. एक जण तर म्हणाला, अर्धं खाडीला. मी शपथा घेतल्या, तसतसे ते जास्त गहिवरले. चाळीस वर्षं तोंडाने जी किंमत मिळवली ती त्या दिवशी पूर्ण पदरात पडली.

म्हणून मी तुझ्या यंत्राकडे आलो. वहिनीला म्हणालो, हे छापा. तिने मजकूर उभ्याने वाचला. माझ्याकडे बघितलं नाही. खिळ्यांचा खण ओढून एवढंच म्हणाली, “अक्षर सुवाच्य काढत जा, भावजी.” आणि जुळवायला लागली.

इथवर मजकूर जुळवून झाला, पहिला कच्चा कागद निघाला आणि सखू आली. उरलेलं मी त्यानंतर लिहितो आहे.

तू गेल्याचं तिला वाटेतच कळलं होतं. आली, पोतं टेकवलं, ओट्याला हात लावून नमस्कार केला. मग कुणाला विचारावं ते न कळून उभी राहिली. मी तो ओला कागद घेऊन तिच्यापुढे बसलो आणि वाचायला लागलो. तिला वाचता येत नाही, माझ्याशिवाय दुसरं तोंड नव्हतं. मुशीचं वाचलं, पट्टीचं वाचलं, तिला काही कळेना. ‘अर्धं’ आलं तेव्हा ती सावरून बसली. झाडाचं आलं, परकराचं आलं.  तिने हात वर करून मला थांबवलं.

“ह्ये कागदावर हाय,” ती म्हणाली, “का तुमच्या मनचं?”

मी कागद तिच्यापुढे धरला. तिने तो वहिनीकडे दिला. वहिनीने ओळीवर बोट ठेवलं, परकराच्या, आणि म्हणाली, “आहे. मीच जुळवलंय.”

मग तिने मला मारलं. हाताने, दगडाच्या भुकटीने भरलेल्या, नऊ वर्षं टाकी ठोकून पाटा झालेल्या हाताने. कानात घंटा वाजली, पडलो, ओट्यावरून खाली. उठलो तर अजून एक. तोंडात रक्त आलं. ओट्यावरची माणसं धावली, वहिनीने त्यांना हाताने अडवलं. सखूने पोत्यातून बाहेर आलेल्या हातोड्याकडे बघितलं. मीही बघितलं. खूप वेळ दोघंही त्याच्याकडेच बघत होतो, मग तिने तो पोत्यात टाकला.

कागद मागितला. मी म्हणालो, तुम्हाला वाचता येत नाही. ती म्हणाली, “मला न्हाय येत. पर गावोगाव कुणी ना कुणी वाचणारा असतो. दर गावात वाचून घेईन. एक शबुद इकडचा तिकडं झाला तर परत येईन.”

कागद घडी करून तिने पोत्यात घातला, पोतं डोक्यावर घेतलं आणि पहिल्या गावाला निघाली. ते कुठलं गाव ते तुला ठाऊक आहे. त्या दुकानाच्या ओट्यावर ती तो कागद पुढे करेल आणि कुणाला तरी तो मोठ्याने वाचावा लागेल. ऐकणाऱ्यांत ते वल्ही उचलणारेही असतील.

मी आत येऊन बसलो आहे, गाल सुजलाय. वहिनी विचारते आहे की वर एकशे एक मुंडकी लिहिलंत, ओट्यावर तुम्ही नक्की एकशे एकच म्हणाला होतात ना. मी आठवून बघतो आहे, दामू.